देव न मानणाऱ्या रुग्णाला अखेरच्या दिवसांत आध्यात्मिक आधार कसा द्यावा?

वारणाकाठ:
माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले आहेत. उपचार थांबवून त्यांना सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी आणले असून आता काही आठवडेच उरले आहेत, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले आहे. अण्णांना मात्र कुणीच स्पष्ट बोललेले नाही. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि देवासमोर त्यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. सासूबाई माळकरी आहेत. शेवटी अण्णांच्या कानांवर नाम पडावे, त्यांच्या खोलीत रोज हरिपाठ व्हावा, असा त्यांचा आग्रह आहे, तर जन्मभर जे मानले नाही ते आता त्यांच्यावर लादू नये, असे माझ्या दिरांचे म्हणणे आहे. या वादात परवा रात्री अण्णांनीच मला विचारले, "माझ्या हातून कुणाचं वाईट झालं असेल का गं?" काय बोलावे ते मला सुचले नाही. अशा माणसाला आणि दोन्ही बाजूंनी ओढल्या जाणाऱ्या घराला आधार कसा द्यावा?

शुश्रूषा:
मी पुण्यात उपशामक सेवेत, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत, परिचारिका आहे. अण्णांनी विचारलेला प्रश्न हीच त्यांची आध्यात्मिक गरज आहे, आणि तिचा त्यांनी देव मानण्या-न मानण्याशी फारसा संबंध नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मरणासन्न माणसाच्या वेदनेत शरीर, मन, नातीगोती आणि जगण्याचा अर्थ या चारही गोष्टी गुंतलेल्या असतात, अशी मांडणी केली होती. आमचे काम आजही तिच्याच आधारे चालते.

तरीही सुरुवात शरीरापासूनच करावी लागते, कारण स्वादुपिंडाचा कर्करोग पाठीपर्यंत कळा नेतो आणि कळांनी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला आयुष्याचा हिशेब शांतपणे मांडता येत नाही. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर त्या ठरलेल्या वेळी द्या. "सवय लागेल" या भीतीने त्या कपाटात ठेवून देणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. 2014 साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून हे औषध रुग्णांना मिळण्याच्या वाटेतील परवान्यांची गुंतागुंत कमी झाली आहे.

"छे हो अण्णा, तुमच्यासारखा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही," असे आपण चटकन म्हणतो आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी "असं का वाटलं अण्णा?" एवढेच विचारून गप्प बसावे. बहुतेक वेळा त्यांच्या मनात एखादी ठरावीक व्यक्ती असते, मग तो वाटणीवरून दुरावलेला भाऊ असो की वर्गात मारलेला एखादा मुलगा. त्या व्यक्तीला बोलावता येते, फोन लावता येतो, नाहीतर पत्र लिहिता येते. मात्र आजार लपवून ठेवलात तर यातले काहीच उघडपणे करता येणार नाही. माझ्या मते अण्णांना पुष्कळसे कळलेले आहे. किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांनी त्यांनाच विचारावे आणि ते जेवढे विचारतील तेवढे खरे सांगावे.

टाळकरी:
आजाऱ्याच्या घरी हरिपाठ म्हणायला मी अनेकदा जातो. खोलीत टाळ-पखवाज घेऊन दहा जणांनी शिरू नये, हे आमच्यातल्या कित्येकांना आजही सांगावे लागते. वहिनी, तुमच्या सासूबाईंनाही आधाराची तितकीच गरज आहे, तेव्हा त्यांचा हरिपाठ बंद पाडू नका, तो बाहेर सोप्यात होऊ द्या आणि अण्णांना विचारा, "दार उघडं ठेवू की लावून घेऊ?" ते जे सांगतील ते दोन्ही बाजूंनी मानावे.

शेवटच्या क्षणी नाम आले नाही तर गती मिळत नाही, ही भीती सासूबाईंच्या मनात असेल. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाविषयी सांगितले आहे खरे, पण ज्या भावात माणूस सदैव राहिला तोच भाव तेव्हा आठवतो, असेही तिथेच म्हटले आहे. अण्णांचा तो भाव कदाचित शाळेत असेल! त्यांचे जुने विद्यार्थी येऊन बसले तर मला ते नामस्मरणाहून कमी वाटणार नाही. आणि "मागच्या जन्मीचे भोग" म्हणत येणाऱ्या पाहुण्यांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा.

वसईकर:
आमच्या ख्रिस्ती घरांतही भीती निराळी नाही. फादरना बोलावले की रुग्णाला शेवट जवळ आल्याचे कळेल म्हणून घरचे टाळाटाळ करतात. वास्तविक कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तेलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार अखेरच्या श्वासासाठी राखून न ठेवता गंभीर आजारातच द्यावा, अशी चर्चची भूमिका आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तो स्वतः प्रार्थनेत भाग घेऊ शकतो. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना सांभाळत आहे आणि तिथे सर्व धर्मांच्या रुग्णांना घेतात. आपली श्रद्धा रुग्णाच्या उशाशी नेताना आधी त्याची परवानगी घ्यावी, हे टाळकरी यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

वारणाकाठ:
सर्वांची आभारी आहे. डॉक्टरांना उद्याच बोलावते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत: सासूबाईंना तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे आहे, ते चालेल का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला खोलीत जाऊ द्यावे का?

शुश्रूषा:
गिळणे मंदावल्यावर चमच्याने ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो व जीव घाबरा होतो. स्वच्छ कापूस गंगाजलात भिजवून, पिळून ओठांवरून फिरवावा आणि तुळशीचे पान ओठांवर टेकवावे. अण्णांची हरकत नसेल तर एवढ्याने सासूबाईंचे समाधान होईल. शुद्ध हरपल्यासारखी वाटली तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून पुढच्या तयारीची बोलणी खोलीबाहेरच करा. घशात घरघर सुरू झाली तर त्यांना कुशीवर वळवा. आपल्याला ती ऐकवत नाही, पण त्या अवस्थेत रुग्णाला तिचा सहसा त्रास होत नाही.

मुलाला जायचे असेल तर जरूर जाऊ द्या. आजोबा किती खंगले आहेत, लघवीची पिशवी लावली असेल तर ती कशासाठी आहे, ते मधेच का झोपतात, हे त्याला आधी सांगा. हात धरायचा की दारातूनच बोलायचे, हे त्याच्यावर सोपवा आणि पाच मिनिटांत बाहेर आला तरी त्याला रागावू नका.