जुन्या पेंटियमला स्वस्तातला मोडेम कोणता घ्यावा?

प्रश्न: घरी जुना पेंटियम कॉम्प्युटर आहे, २०० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, विंडोज ९८. पोराला फोनच्या लाइनवरून नेट पाहिजे, त्याला मोडेम लागतो, बजेट कमी. नवी पेठेत एकाने कॉम्प्युटरच्या आत पीसीआय खाचेत बसणारा मोडेम दाखवला, स्वस्त आहे पण खोक्यावर पेंटियम टू पाहिजे असं लिहिलंय, चालेल का हो?

उत्तर: दादा तो अजिबात घेऊ नका, त्यातलं निम्मं काम सॉफ्टवेअर करतं म्हणजे सगळा लोड तुमच्या प्रोसेसरवर, माउस पण अडकत चालतो आणि लाइन सारखी तुटते. कॉम्प्युटरच्या मागच्या सिरीयल पोर्टला जोडायचा बाहेरचा ५६के (सेकंदाला ५६ किलोबिटचा) मोडेम बघा, सेकंडहँड असला तरी चालेल, ॲडॉप्टर त्याचाच आहे ना एवढं बघून घ्या.

उत्तर: बरोबर. पण ५६ फक्त नावाला, ४०-४५ मिळालं तरी खूप, आणि व्ही.९० (५६के मोडेमचं स्टँडर्ड) मध्ये अपलोड ३३.६ च्या वर जात नाही.

उत्तर: वळवाच्या पावसात मोडेममधली फोनची पिन आधी काढा! मे महिन्यात अक्कलकोट रोडला आमच्या घराजवळ वीज पडली, मोडेम उघडला तर चिपवर काळा डाग.

प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं, उद्याच बाहेरचा शोधतो.