वॉलेस आणि ग्रॉमिट : मातीचा हट्ट की मातीचे देणे?

मृत्तिका :
वॉलेस हा यंत्रवेडा संशोधक आणि ग्रॉमिट हा त्याचा मुका कुत्रा. प्लास्टिसिन या मातीसारख्या मऊ पदार्थाच्या बाहुल्या बोटांनी जराशा हलवून, दर हालचालीचे एक छायाचित्र (फ्रेम) घेत, म्हणजे स्टॉप मोशन पद्धतीने, त्यांचे ब्रिटिश चित्रपट केले जातात. संगणकीय चित्रपटांच्या चर्चेत निशिकांत यांनी मध्यंतरी असे लिहिले की, वॉलेस आणि ग्रॉमिट यांचे चित्रपट म्हणजे निव्वळ मातीचा हट्ट आहे. जे काम संगणकावर निम्म्या वेळात होते ते बोटांनी करत बसणे हे कष्टांचे प्रदर्शन आहे, आणि लोक चित्रपटाचे नव्हे तर त्या कष्टांचेच कौतुक करतात. तिथे विषयांतर नको म्हणून मी गप्प राहिले, पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून गेले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

ग्रॉमिट हा कुत्रा मातीमुळेच घडला, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. या दोघांना घडवणारे दिग्दर्शक निक पार्क यांनी विद्यार्थी असताना १९८२ साली पहिल्या चित्रपटाचे काम सुरू केले, आणि पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत दाखल होऊन ते १९८९ मध्ये पूर्ण केले. तेवीस मिनिटांसाठी सात वर्षे गेली. मूळ कल्पनेत ग्रॉमिट मांजर होता. मातीत कुत्रा घडवणे सोपे जाते म्हणून तो कुत्रा झाला. त्याला तोंड आणि आवाज द्यायचेही ठरले होते. चंद्रावर जायचे यान तळघरात बांधताना वॉलेस एक दार करवतीने कापतो, त्या प्रसंगात दाराला टेकू म्हणून ग्रॉमिट खाली उभा आहे. दाराखाली बोटे घालून दर फ्रेमला तोंडाचा आकार बदलणे जिकिरीचे होते, म्हणून पार्क यांनी नुसते डोळे फिरवून आणि भुवई हलवून पाहिले, आणि तेवढ्यात त्या कुत्र्याच्या मनातले सगळे कळले. त्यानंतर त्याला तोंड दिलेच गेले नाही. संगणकाच्या पडद्यावर हात कुठेही पोहोचतो. तिथे ही अडचण आलीच नसती, मग हा ग्रॉमिट तरी कुठून आला असता?

निशिकांत :
माझ्या वाक्यावर स्वतंत्र धागा निघाला, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. भुवईची गोष्ट मला माहीत आहे आणि ती खरी आहे, पण तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अडचण मातीची होती, निर्णय मात्र दिग्दर्शकाचा होता. मार्च २०२५ मध्ये ज्या लाटव्हियन चित्रपटाने वॉलेस-ग्रॉमिटच्या नव्या चित्रपटाला मागे टाकून ऑस्कर मिळवले, तो संपूर्णपणे ब्लेंडर या मोफत संगणक-प्रणालीत केलेला आहे आणि त्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकही प्राणी माणसासारखा बोलत नाही. संयम मातीतच असतो असे नाही.

आता मनातले सांगतो. मी अकरा वर्षे संगणकावर पात्रे हलवण्याचे काम करतो आहे. एका जाहिरातीतल्या कुत्र्याचा डावा कान मागे वळायला अर्धा क्षण उशीर होतो आहे असे वाटले, म्हणून मी सलग तीन रात्री तो कान दुरुस्त करत बसलो होतो. त्या कामाला कोणी हातकाम म्हणत नाही. नातेवाईक विचारतात की बटण दाबल्यावर ते आपोआप होते का. मातीवर ठसा उमटला की त्याला कलावंताचा स्पर्श म्हणायचे आणि आमच्या बोटांना मात्र काही मोल नाही, हा भेद मला डाचतो.

अमोघ_ना :
निशिकांत, तुमची तक्रार रास्त आहे. पण मी दोन्ही कामे केली आहेत, म्हणून मातीच्या बाजूने लिहितो. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी मी नागपुरात, मे महिन्यात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत चाळीस सेकंदांचा एक स्टॉप मोशनपट केला. सेकंदाला बारा छायाचित्रे धरली तरी चारशे ऐंशी छायाचित्रे होतात. दुपारी दिव्यांखाली प्लास्टिसिन इतके मऊ पडे की म्हाताऱ्याची मान हळूहळू छातीवर उतरायची, म्हणून मी डोकी फ्रिजमध्ये ठेवू लागलो. विजेचा दाब कमीजास्त झाला की दर छायाचित्राचा उजेड वेगळा यायचा. दोनशे साठाव्या छायाचित्राला म्हाताऱ्याच्या घोट्यातली तार तुटली, आणि मागे जाऊन दुरुस्ती करायची सोयच नव्हती, म्हणून पुढच्या सगळ्या चित्रपटात तो लंगडत चालतो. परीक्षकांना ते लंगडणेच सर्वांत खरे वाटले.

संगणकावर मी ते पूर्ववत केले असते. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

निशिकांत :
तार तुटणे हा अपघात आहे, त्याला सौंदर्यशास्त्र म्हणू नका. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. मार्ग असता तर त्यांनी तो वापरला असता. आर्डमनही वापरतेच. २००५ च्या चित्रपटात यंत्राने ओढून घेतलेले, हवेत तरंगणारे ससे संगणकावर केलेले आहेत, आणि नव्या चित्रपटातल्या कालव्याच्या पाण्यालाही संगणकाचा हात लागला आहे. मग शुद्धता कुठे राहिली?

मृत्तिका :
शुद्धतेचा दावा मी केलेला नाही. पाण्यात प्लास्टिसिन टिकत नाही, म्हणून २००६ मध्ये आर्डमनने गटारातल्या उंदरांचा एक संपूर्ण चित्रपट संगणकावर केला. पात्रांचे रुंद ओठ आणि गोल डोळे तेच होते, विनोदाची जात तीच होती. चित्रपट तोट्यात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी भागीदाराने साथ सोडली. तोट्याला कारणे अनेक असतील, पण तो पाहताना मला पात्रांना वजन नसल्यासारखे वाटत राहिले. पाण्यासाठी संगणक वापरा, सशांसाठी वापरा; ग्रॉमिटच्या कपाळाला मात्र बोटच लागले पाहिजे. आणि फाळके यांनीच पुढे आगकाड्या एकेक हलवून त्यांना पडद्यावर नाचवले होते. ते अडचण म्हणून नव्हे, आवडीने केलेले काम होते.

सुमती_इचलकरंजी :
माती की संगणक या वादात एक गोष्ट सगळेच विसरत आहेत, असे मला वाटते. या चित्रपटांत राबते कोण? वॉलेस यंत्रे काढतो आणि ती बिघडली की निस्तरतो ग्रॉमिट. विणकाम त्याच्याकडे, घराची चिंता त्याच्याकडे आणि मालकाचा जीव वाचवणेही त्याच्याकडेच. १९९३ च्या चित्रपटात वाढदिवसाला त्याला गळपट्टा आणि साखळी मिळते, शिवाय त्याला फिरवून आणणारी यांत्रिक विजार मिळते, म्हणजे मालकाने स्वतः फिरायला न्यायची गरज उरली नाही. पैसे संपले म्हणून एक पेंग्विन भाडेकरू ठेवला जातो आणि त्याच्यासाठी ग्रॉमिटला स्वतःची खोली सोडावी लागते. मग ग्रॉमिट पावसात गाठोडे घेऊन घर सोडतो. तो प्रसंग मला आजही बघवत नाही.

कारण हे घर मी पाहिले आहे. माझ्या वडिलांनी १९८७ साली सायकलची साखळी आणि पितळी परातीचा तळ वापरून भाकरी थापायचे यंत्र केले होते. पहिल्याच दिवशी पीठ आढ्यापर्यंत उडाले. शेजारीपाजारी जमले, हसले, वडिलांच्या पाठीवर थाप पडली. आईने केरसुणी घेतली, स्टूल ओढले आणि आढे झाडले, आणि मग चुलीपुढे बसून नेहमीसारख्या हाताने चौदा भाकऱ्या थापल्या. ती एक शब्द बोलली नाही. तिने फक्त एकदा वडिलांकडे पाहिले. ग्रॉमिटची भुवई मी त्या दिवशीच पाहिली आहे.

परिमल :
सुमतीताई, आपल्या आईंबद्दल आदर ठेवून लिहितो, पण प्रत्येक कथेत अन्याय झालेली गृहिणी शोधण्याची ही सवय मला असह्य झाली आहे. ग्रॉमिट नोकर नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, गाडी चालवतो, विमान उडवतो. आपण ज्या चित्रपटाचे उदाहरण दिले त्यात अखेरच्या पाठलागात धावत्या खेळण्यातल्या आगगाडीपुढे तो खोक्यातून रूळ काढून अंथरत जातो; त्या वेळी मालक कोण आणि चाकर कोण? वॉलेसच्या मनात कपट नाही. माझे वडीलही असेच खटपटे होते. पगारातले पैसे वाचवून त्यांनी पंप आपोआप बंद करणारा तरंगता गोळा केला, तो कधी चालला नाही, टाकी वाहत राहिली. ते गेल्यावर आम्ही तो गोळा टाकून दिला आणि त्याची मला रोज खंत वाटते. अशा माणसांना खलनायक ठरवू नका.

सुमती_इचलकरंजी :
मी त्यांना खलनायक म्हटले नाही. माझे लिहिणे पुन्हा वाचावे. कपट नसलेल्या माणसाच्या हातूनही दुसऱ्याचे आयुष्य खर्ची पडते, असे मी म्हणते आहे. आपली टाकी वाहत राहिली असे आपण लिहिता. ते पाणी पुसले कोणी, ते मात्र आपण लिहीत नाही.

मिरजकर_मँचेस्टर :
वाद तापला आहे, पण तिथल्या पार्श्वभूमीबद्दल थोडे सांगतो, कारण मी सोळा वर्षे याच भागात राहतो. वॉलेसचे घर उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावातले आहे. कोळसा आणि कापडगिरण्यांच्या या पट्ट्यात, विटांच्या जोडघरांच्या मागे, लहान छपरांमध्ये काहीतरी खटपट करत बसलेली म्हातारी माणसे मी आजही पाहतो. निक पार्क शेजारच्या प्रेस्टनचे; तिथल्या बाजाराजवळ या दोघांचे ब्राँझचे शिल्प आहे. त्यांच्या वडिलांनी एक कॅराव्हॅन स्वतः बांधली होती, आत भिंतींना घरासारखा रंगीत कागदही लावला होता. वॉलेसमध्ये वडील उतरले आहेत हे पार्क यांच्या फार उशिरा लक्षात आले. त्यामुळे परिमल यांचे म्हणणे मला जवळचे वाटते.

निशिकांत यांच्या ‘प्रदर्शन’ या शब्दालाही माझी हरकत आहे. १० ऑक्टोबर २००५ रोजी ब्रिस्टलमधल्या गोदामाला आग लागून आर्डमनचे जुने सेट आणि साहित्य जळून गेले. दोनच दिवस आधी काश्मीरमध्ये भूकंप झाला होता. त्या दुःखापुढे आपले नुकसान काहीच नाही, अशा अर्थाचे पार्क त्या दिवशी बोलले. कष्ट मिरवणारी माणसे असे बोलत नाहीत.

सुमती_इचलकरंजी :
वडिलांनी कॅराव्हॅन बांधली हे आपण सांगितले. आई शिवणकाम करत असे, हे का गाळले? वडील वॉलेसमध्ये उतरले हे सगळ्यांच्या लक्षात येते. विणकामाच्या सुया हातात घेतलेला ग्रॉमिट कोणाकडून आला, हे कोणीच विचारत नाही.

परिमल :
हा तर्क ओढूनताणून आणलेला आहे, असे मी अजूनही म्हणेन. मात्र पाणी आई पुसत असे. रोज सकाळी, पोते घेऊन, जिन्यापर्यंत. एवढे मान्य करतो आणि या विषयावर थांबतो.

मृत्तिका :
सुमतीताई, आपल्या मुद्द्यामुळे मी नवा चित्रपट काल पुन्हा पाहिला. आरंभी वॉलेस ग्रॉमिटला थोपटण्यासाठीसुद्धा यंत्र करतो. पुढे मदत म्हणून तो नॉरबॉट हा यांत्रिक बुटका आणतो, आणि तो ग्रॉमिटने प्रेमाने वाढवलेली अस्ताव्यस्त, फुललेली बाग कातरून ठोकळ्यांसारखी करून टाकतो. ग्रॉमिट दारात उभा राहून ते पाहतो. त्याचे कपाळ जरासे खाली येते, आणि पुढच्या क्षणी तो ते सावरतो, कारण समोर वॉलेस कौतुकाची वाट पाहत उभा आहे. मी तो भाग थांबवून पाहिला तेव्हा भुवईच्या वरच्या बाजूला मातीवर दाबल्याची खूण स्पष्ट दिसली. अखेरीस वॉलेस स्वतःच्या हाताने त्याला थोपटतो. यंत्राने थोपटणे आणि हाताने थोपटणे यांतला फरक सांगणारा चित्रपट हातानेच केलेला असावा, हे मला हट्ट वाटत नाही.

निशिकांत :
शेवटच्या वाक्यापुढे माझ्याजवळ उत्तर नाही. या एका चित्रपटापुरते, आणि फक्त या चित्रपटापुरते, ‘प्रदर्शन’ हा शब्द मी मागे घेतो. संगणकावरचे काम हाताचे नसते, हे मात्र मी कधीही मान्य करणार नाही. एक गोष्ट या चर्चेत कोणी आणली नाही, म्हणून मी आणतो. २०१८ मध्ये आर्डमनच्या संस्थापकांनी कंपनीचा पंचाहत्तर टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त संस्थेकडे सोपवला. राबतो कोण, या सुमतीताईंच्या प्रश्नाला त्या लोकांनी निदान आपल्या घरात काही उत्तर दिले आहे. आमच्या व्यवसायात ते कुठेच दिसत नाही, आणि मला मातीचा हेवा वाटत असेल तर तो इथे वाटतो. अमोघ, तो लंगडणारा म्हातारा पाहायला मिळेल का?

अमोघ_ना :
आज रात्री पाठवतो. सुमतीताई, आपल्या वडिलांचे ते यंत्र अजून आहे का?

सुमती_इचलकरंजी :
साखळी पुन्हा सायकलला लागली. परात आईने वडिलांकडून काढून घेतली, तिचा तळ नव्याने बसवून घेतला, आणि ती गेल्यापासून मी तिच्यात कणीक मळते.