लिबर्टेरियन विचाराला नेमकं कुठे धरायचं?

महालवाला:
रविवारी अभ्यासमंडळात वाद आहे. समोरची मंडळी लिबर्टेरियन, म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्यात आणि मालमत्तेत सरकारने कमीत कमी हात घालावा असं मानणारी. ती अमेरिकी तत्त्वज्ञ नॉझिकने दिलेला बास्केटबॉलपटू चेंबरलेनचा दाखला काढणार हे नक्की: दहा लाख प्रेक्षकांनी खुशीने 25-25 सेंट दिले, खेळाडूकडे अडीच लाख डॉलर जमले, मग त्यावर कर कोणत्या हक्काने? ‘कर नसेल तर रस्ते कोण बांधणार’ या नेहमीच्या उत्तराच्या पुढचं काही पाहिजे.

काळीमाती:
दाखल्याच्या शेवटाशी भांडू नका भाऊ, सुरुवातीला धरा. प्रेक्षकाच्या खिशातले 25 सेंट पूर्णपणे, करमुक्त त्याचेच, हे नॉझिक आधीच धरून चालतो. सिद्ध करायचं होतं ते तेच!

शिवाय 1974 मधल्या त्याच्या मांडणीला तीन पाय आहेत: पहिला ताबा न्याय्य, हस्तांतर खुशीचं, आणि मध्ये अन्याय झाला असेल तर दुरुस्ती. तिसऱ्यावर तो थोडक्यात आटोपतो. पण जुने अन्याय फार मोठे असतील तर काही काळ मोठं सरकारही लागेल, हे स्वतःच कबूल करतो.

आता हे इथल्या सातबाऱ्याला लावा. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा केलं. पुढे 1860 च्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, मालकी बहाल केली. 1950 च्या कायद्याने ती काढून घेतली. विचारा त्यांना, चोरी कोणती? पहिली की दुसरी? ‘दोन्ही’ म्हणाले तर आजचं खरेदीखत कशावर उभं आहे?

संत्रापट्टा:
मला पाणी जास्त धारदार वाटतं. 1882 च्या इझमेंट कायद्याप्रमाणे जमिनीखालचं पाणी मालकाने हवं तेवढं उपसावं. नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे एकाने खोल बोअर मारला की शेजारची विहीर बसते, मग शेजारी त्याहून खोल जातो. कोणी कोणाचा बांध कोरला नाही, कोणी फसवलं नाही, तरी दोन्ही बागा वाळतात. बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या खडकाच्या, भेगांतलं कोणतं पाणी कोणाचं हे मोजता येत नाही, म्हणून आपसातला करारही जमत नाही.

‘हक्क वाटा आणि बाजारात विका’ असं उत्तर येईल. वाटणार कोण, मोजणार कोण? सरकार मागच्या दाराने आलंच की. महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल कायद्यात पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हे घालावं लागलं ते उगाच नाही.

इतवारीकर:
एकतर्फी होतंय राजेहो. विदर्भात बसून खुल्या बाजाराला हसण्याआधी कापूस एकाधिकार खरेदी आठवा. 1972 पासून कित्येक वर्षं कापूस सरकारलाच द्यावा लागायचा. चुकारे रखडले की गाड्या चोरून राज्याबाहेर. निर्यातबंदी करून सरकारच शेतमालाचे भाव पाडतं, असं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मांडलं, त्याला काय उत्तर देणार?

काळीमाती:
उत्तर कशाला, ते मान्यच करा. एकाधिकार खरेदी फसली म्हणायला लिबर्टेरियन असावं लागत नाही. खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ हायेकसुद्धा किमान उत्पन्नाची हमी मान्य करायचा. नॉझिकचा दावा त्याहून कडक आहे: चौकीदारीपलीकडे, म्हणजे चोरी-फसवणुकीपासून रक्षण आणि करार पाळायला लावणं यापलीकडे, जाणारं सरकार मुळातच अन्याय्य, भले त्याने लोकांचं कल्याण होवो. हा दावा परिणामांवर उभाच नाही, त्यामुळे फसलेल्या योजनांची यादी त्याच्या कामाची नाही. समोरचा कापसाकडे वळला की लगेच विचारा, मुद्दा हक्काचा की फायद्याचा? फायद्याचा म्हणाला तर बोअरचा हिशेब मांडा, हक्काचा म्हणाला तर मालगुजारी काढा.