मदत हवी आहे : मंगळाच्या पृष्ठभागावरील किरणोत्साराची मात्रा प्रत्यक्ष मोजमापापेक्षा कमी का येते?

नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या गावी राहून पदव्युत्तर प्रकल्पासाठी जीअँट-४ (पदार्थातून जाणाऱ्या कणांचा प्रवास गणणारी संगणक-प्रणाली) वापरून मंगळाच्या पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या वैश्विक किरणांचे संगणकीय प्रारूप तयार करीत आहे. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीवरील रॅड या किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाने २०१२-१३ मध्ये तेथील गेल विवरात दिवसाला सरासरी २१० मायक्रोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रा नोंदवली. माझे उत्तर मात्र १५० च्या आसपास अडले आहे.

प्रारूपात तळाला बेसाल्टी माती असून तिच्यावर कार्बन डायऑक्साइडचे वातावरण आहे, ज्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ ग्रॅम धरला आहे. (आपल्या किनाऱ्यावर हाच आकडा हजारापेक्षा अधिक आहे.) मात्रा मातीवरच्या पाण्याच्या पातळ थरात मोजतो.

आरंभी उत्तर याच्याही निम्मे येत होते. त्याचे कारण शोधण्यात तीन आठवडे गेले. वरच्या सपाट पृष्ठावरून कण सोडताना मी सर्व दिशांना समान वाटा दिला होता. वास्तविक सर्व दिशांनी सारखा येणारा प्रवाह असे पृष्ठ ओलांडतो तेव्हा दिशांचे वाटप कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात होते. गुणक पाय (π) हा बरोबर घेऊनही वाटप चुकल्यामुळे तिरके कण फाजील झाले आणि सरळ खाली येणारे निम्मेच उरले.

उरलेल्या तुटीबद्दल माझे दोन संशय आहेत. सध्या मी केवळ प्रोटॉन आणि हेलियम सोडतो. जड अणुकेंद्रके संख्येने जेमतेम १ टक्का असली, तरी ऊर्जा विद्युत्भाराच्या वर्गाच्या प्रमाणात सांडत असल्यामुळे लोहाचे एक केंद्रक त्याच वेगाच्या ६७६ प्रोटॉनांना भारी पडते. पण त्यांतील बरीचशी वातावरणातच फुटतात, म्हणून सगळी तूट त्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. दुसरा संशय अधिक बळकट वाटतो : प्रारूपातील माती आणि वातावरण सामावणारा माझा ठोकळा ३०० किलोमीटर रुंद आणि ८० किलोमीटर उंच असल्याने तिरके कण बाजूंनी निसटत असावेत. अशा वेळी निसटलेला कण समोरच्या बाजूने पुन्हा आत घ्यावा, की ठोकळा सोडून गोलाकार कवचच उभारावे?

आणखी एक विचारतो. कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठी अचूक प्रक्रियासंच (कणांच्या टकरी कशा गणायच्या याचे नियम) वापरला, की दहा लाख कणांची गणना दोन रात्री चालते आणि पावसाळ्यात येथे सलग दोन रात्री वीज टिकत नाही. यादृच्छिक संख्यांचे बीज (त्यांची मालिका ज्या आकड्यापासून सुरू होते तो) बदलून लहान-लहान तुकड्यांत गणना केली आणि निकाल नंतर एकत्र केले, तर सांख्यिकीच्या दृष्टीने ते ग्राह्य ठरेल का?