आरसीसीबी आहे, पण कोणत्या प्रकारचा?

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगबद्दल असं म्हटलं जातं की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग असलं की सुरक्षिततेच्या तपासणीचा प्रश्न मिटला. अर्थिंगबद्दल पूर्ण सहमत. आरसीसीबीचं मात्र एवढ्यावर भागत नाही. गाडीतल्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) गळती होऊ शकते, आणि ती ६ मिलिअँपिअरच्या वर गेली की साधा टाइप ए आरसीसीबी पडेलच, म्हणजे पुरवठा तोडेलच, याची खात्री उरत नाही. बटण दाबून चाचणी केली तर तो व्यवस्थित पडतो, म्हणून हे लक्षातच येत नाही!

त्यामुळे गाडीला एसी वीज देणाऱ्या चार्जरसाठी आयईसी ६१८५१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक टाइप बी (अशी डीसी गळतीही ओळखणारा आरसीसीबी) मागतं, किंवा टाइप ए सोबत ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय. बऱ्याच चार्जरमध्ये ती आतच असते, पण माहितीपत्रकात लिहिलेली आहे का ते खरेदीआधी बघाच. आणि प्रत्येक चार्जिंग सॉकेटला स्वतंत्र आरसीसीबी हवा.