होडी शाकारली, की साकारली?

वाळूवरला :
मंडळी, एका शब्दावरून चार दिवस डोकं उठलंय.

गेली चार वर्षं मे महिन्यात रजा काढून गावी जातो आणि किनाऱ्यावरची आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं फोनवर टिपून ठेवतो. मालवणच्या दक्षिणेला आमची वाडी. जाळी धुऊन माळ्यावर टाकणं, सुकं भरणं, होड्या वर ओढणं, सगळं. करणारे बहुतेक साठीच्या पुढचे, त्यामुळे मला घाई. यंदा त्यांच्यातल्या आबांच्या एका दिवसावर एका स्मरणिकेसाठी चार पानं लिहिली. त्यात वाक्य होतं, 'मिरग चार दिवसांवर आला तशी आबांनी होडी शाकारली.' म्हणजे पावसाआधी तिच्यावर आच्छादन घातलं. छापून आलं, 'होडी साकारली'. एकदा नव्हे, सहा ठिकाणी.

फोन केला तर संपादक म्हणाले, 'शाकारतात ते घर. होडी झाकतात. तुम्हाला साकारली म्हणायचं असेल असं वाटलं.' आबांना छापलेलं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साकारली म्हणजे? मी नवी बांधलंय? पैसे कोणी दिल्यान?"

आता हाच लेख पुस्तकात जायचाय आणि पंधरवड्यात मजकूर द्यायचाय. तर दोन प्रश्न. होडीसाठी 'शाकारणे' घाटावरच्या वाचकाला कळेल का, की तळटीप लागेल? आणि दुसरा जास्त अडचणीचा : यंदा आबांनी झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, घातलीच नाहीत. निळी ताडपत्री ओढली आणि चार दगड ठेवले. त्यालाही ते शाकारणंच म्हणतात. लिहू का तसंच?

आठळी :
तळटीप कशाला? रत्नागिरीकडच्या बातम्यांत दरवर्षी मे संपताना 'नौका शाकारण्याची लगबग' येतेच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा सगळे एकदमच शाकारायला लागतात. तुमच्या संपादकांनी वर्तमानपत्र बदलावं.

शुद्धमती :
संपादकांची बाजू घेते, मार खायची तयारी ठेवून. 'साकारली' केलं ते चूकच, विचारायला हवं होतं. पण त्यांचा मूळ मुद्दा बिनबुडाचा नाही. शाकारणे हा शब्द छपराचा आहे आणि त्यात पानं, गवत, फांदी हे गृहीत आहे. माझ्या मते तो शाखा या शब्दावरूनच आलाय. होडीवर झापं घातली तर शाकारली म्हणा, हरकत नाही. प्लास्टिकच्या कागदाला मात्र आच्छादणे, झाकणे, पांघरणे असे शब्द असताना शाकारणे वापरणं म्हणजे शब्दाचा जीव काढून कातडं वापरणं.

कोंडावळ :
शाखेवरून आला असेल तर ख चा क कुठे झाला ते दाखवा. ख चा बहुतेक ह होतो आणि आमच्याकडे तर तो ह सुद्धा गळतो, मग क कुठून येईल? मला ही व्युत्पत्ती फणस कापता कापता सुचलेली वाटते.

शुद्धमती :
@कोंडावळ, तुमच्याकडे दुसरी असेल तर मांडा. नसेल तर चीक पुसा हातांचा.

कोंडावळ :
नाही माझ्याकडे. नसलेली व्युत्पत्ती ही खोट्या व्युत्पत्तीपेक्षा बरी. :)

जुना बाडगा :
अशा वादात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून बसण्यात मजा असते. सात खंड, १९३२ ते ३८. त्यातले (राजा.), (कु.), (गो.) हे शेरे बघा. राजापुरी, कुडाळी, गोव्याकडचं. त्या काळात कुणीतरी हे बोलीतले शब्द वेचून पाठवले म्हणून आज आपण भांडू शकतो. @वाळूवरला, तुम्ही करताय ते तेच काम, फक्त फोनवर. एक विनंती : ध्वनिफितीत शब्द कोण, कुठल्या वाडीत, काय करताना बोललं ते लिहून ठेवा. नुसता शब्द वेचला की तो वाळक्या शिंपल्यासारखा राहतो.

सुताराची लेक :
मी बराच वेळ वाचतेय. सगळे शाकारणे म्हणजे 'काय घातलं' यावर भांडताहेत. माझे वडील होड्यांचं सुतारकाम करायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. शाकारणं म्हणजे काय घातलं ते नाही, कसं घातलं ते.

झाप बघितलाय का विणताना? माडाची झावळी बुडखा छाटून मधोमध उभी चिरायची. दोन फाका होतात. त्या आधी खाडीच्या पाण्यात भिजत टाकायच्या, नाहीतर पात विणताना तडकते. मग एक पात वर एक खाली, चटईसारखं. आई बोलत बोलत विणायची, नजर आमच्यावर, हात झापावर. होडीवर मधोमध आडवा बांबू टाकून आढं करायचं आणि झापं खालून वर लावत यायची. खालचा थर आधी, वरचा त्याच्यावर चार बोटं चढवून. पाणी वरच्यावरून खालच्यावर आणि खालच्यावरून वाळूत. सुंभाने बांधायचं. दोन्ही टोकं उघडी. वारा खेळला नाही तर लाकूड कुजतं.

कौलं लावतात तीही अशीच, खालून वर. म्हणून घरही शाकारतात आणि होडीही. थरावर थर म्हणजे शाकारणं. त्या हिशेबाने एकसलग ताडपत्रीला बाबांनी शाकारलं म्हटलं नसतं. ते तिला 'होडी कोंडली' म्हणायचे. आतून घामेजते, म्हणून.

आठळी :
वा! ताई, हे लिहून काढा कुठेतरी नीट. 'होडी कोंडली' हे फारच भारी आहे.

शुद्धमती :
म्हणजे निष्कर्ष माझाच, कारण वेगळं. चालेल.

दांडेबाज :
एक मिनिट. आबा स्वतः ताडपत्रीला शाकारणं म्हणताहेत. जन्मभर दर्यात गेलेला माणूस चुकीचं मालवणी बोलतोय असं आपण घरी बसून ठरवणार? वस्तू बदलली, शब्द तसाच राहिला, यात पाप काय? शाई म्हणजे मुळात काळी, सियाह वरून. तरी आपण निळ्या शाईने परीक्षा दिल्या. तेल तिळाचं, म्हणून खोबरेल तेल म्हणायचं बंद करता का? शब्दाला कामाशी देणंघेणं असतं, मालाशी नाही. पावसाआधी होडी पावसापुरती मिटवून ठेवणं, हे शाकारणं.

कोंडावळ :
दांडेबाजांशी सहमत. आणि शाकारणे जपायचं असेल तर त्याला आजच्या वस्तूवर बसू द्या. झापांपुरतं ठेवलंत तर झापांबरोबर जाईल.

सुताराची लेक :
@दांडेबाज, आबा चूक असं मी म्हटलंच नाही. बाबांच्या तोंडी काय होतं ते सांगितलं. दोघेही दर्यावरचेच.

बागेतली :
मी श्रीवर्धनची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरीच होते. आमच्या बागेतले निम्म्याहून जास्त माड-पोफळी आडव्या. ओटीवरची कौलं उडाली, पडवीचा पत्रा शेजारच्या विहिरीत सापडला. वरून पाऊस. तेव्हा अंगणात झावळ्यांचा डोंगर पडला होता, हव्या तेवढ्या, फुकट. आणि अख्ख्या आळीत झाप विणता येणारी एकच बाई उरलेली, वय ऐंशीच्या घरात. ती म्हणाली विणते, पण खाली बसता येत नाही. मग तिला खुर्चीत बसवून समोर बाक ठेवलं, तिने चार विणली, पाचव्याला हात थकले. आम्ही बघून बघून केली ती वाऱ्याने दुसऱ्या दिवशी सुटली. शेवटी मदतीत मिळालेली ताडपत्रीच टाकली. सासरे फोनवर सगळ्यांना सांगत होते, 'घर शाकारलं एकदाचं.' तेव्हा कुणाला शब्द खटकला नाही.

त्या चार झापांपैकी एक अजून आहे. कोंबड्यांच्या खुराड्यावर.

जुना बाडगा :
:( तिचं विणणं कुणी टिपलं का?

बागेतली :
नाही. वीज नव्हती, फोन बंद पडलेले. आठवतंय तेवढंच.

आचऱ्याचो :
आमच्या आचऱ्याच्या गावपळणीत हा शब्द कानावर येतोच. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री गाव रिकामा, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर. तिकडे झोपड्या उभ्या करायच्या, म्हणजे शाकाराकच व्हयी. आजा सांगायचा, पूर्वी माणसं आधी आठवडाभर जाऊन झापं आणि गवत टाकून ठेवायची. आता टेम्पोतून ताडपत्री आणि बांबू येतात. म्हातारे तरी म्हणतात, 'झोपडी शाकारून झाली काय रे?' पोरं म्हणतात, 'टेंट लागलो.' दोन्ही एकाच झोपडीबद्दल.

दांडेबाज :
घ्या! आमचा साक्षीदार.

शुद्धमती :
साक्षीदार दोन्हीकडचा आहे. पोरांचा शब्द सोयीने गाळू नका.

पोफळी :
अवांतर : ताडपत्री हा शब्दही मजेशीर. ताडाच्या पानांची ती ताडपत्री, मग त्याच कामाच्या कापडाला तेच नाव. म्हणजे प्लास्टिकला पानाचं नाव द्यायची प्रथा जुनीच.

कोंडावळ :
उलट! तो इंग्रजी टारपॉलिनचा मराठी अवतार आहे. गोदीतल्या कामगारांनी ऐकला आणि ताडाचं झाड ओळखीचं, म्हणून तसा वळवला.

पोफळी :
आणि पूर्वी ग्रंथ लिहायचे ते ताडपत्र काय टारपॉलिनवर लिहायचे?

कोंडावळ :
ते ताडपत्र, हे ताडपत्री. र्‍हस्व-दीर्घाएवढा नाही, दोनेक हजार वर्षांचा फरक आहे.

शुद्धमती :
गोदीतल्या कामगारांचा पुरावा? फणस कापत होतात का?

कोंडावळ :
आंबा. फणस कालच संपला.

आठळी :
हाहाहा. यावर वेगळा धागा काढा कृपया, नाहीतर इकडे दोघांना शाकारावं लागेल.

पोफळी :
इरल्यावरही, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घेतात त्यावरही, काढा एखादा. माझी मावशी ठाण्याकडची, ती इरलंच म्हणते. आमच्याकडे गोणपाटाच्या टोकात टोक खुपसून करतात ती खोळ. आणि आता प्लास्टिकचा कागद तसाच दुमडतात, त्यालाही कुणी इरलं म्हणतं कुणी खोळ. पण कामट्यांचं, पानं भरलेलं इरलं ते वेगळंच. वाकून लावणी करताना पाठीवर घर घेतल्यासारखं. त्यालाही शाकारतात का हो? वर्षावर्षाला पानं बदलायला लागतातच की.

सुताराची लेक :
इरल्याचं मी नाही ऐकलं. पानं 'भरतात' असंच कानावर आहे. बाकीच्यांनी सांगावं.

वाळूवरला :
सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. काल संध्याकाळी आबांना सुताराची लेक यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, खालून वर, चार बोटं चढवून, सगळं. म्हणाले, "बरोबर सांगता ता. पण तिका इचार, सुंभ आता किलोक कितीक गावता." मग ताडपत्रीला शाकारणं का म्हणता विचारलं, तर म्हणाले, "मग काय म्हणू? कोंडलंय म्हटलंय तर होडी आयकतली मा?"

पण माझा प्रश्न तसाच आहे. परवा मजकूर द्यायचाय. तळटीप घालू की नको?

बागेतली :
सुंभ आमच्याकडे बाजारात नायलॉनच्या दोरीच्या दुकानात मागे पडलेलं असतं, विचारलं तर काढून देतात. काथ्याची जाडी मात्र बघून घ्या, हल्ली पिळ सैल असतो.

सुताराची लेक :
आबांना सांगा, वेंगुर्ल्याच्या बाजारात मिळेल. मी पुढच्या आठवड्यात जातेय, किती हवं ते कळवा.