विषय : पुस्तिकेतील 'ॲब्स्कॉन्ड' (शुक्रवारपूर्वी निर्णय हवा)

सचिव, पुस्तिका समिती :

सप्रेम नमस्कार. पान सहा अजून अडलेले आहे. बालनाटिकेच्या इंग्रजी सारांशात 'महाराज आग्र्याहून ॲब्स्कॉन्ड झाले' अशा आशयाचे जे वाक्य आहे, त्याला दोन पालकांनी हरकत घेतली आहे. सारांश लिहिणाऱ्या अण्णांचे म्हणणे असे की, गुपचूप निघून जाणे एवढाच त्या क्रियापदाचा अर्थ असून महाराज गुपचूपच निघाले होते. फाइल शुक्रवारी दुपारी छापखान्यात जायची आहे. कृपया शब्दकोशांच्या पानांचे फोटो पाठवू नयेत. 'प्रसाद' शब्दाच्या वेळी काय झाले ते सर्वांना आठवत असेलच.

अण्णा :

फोटो पाठवत नाही, पण मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. हा शब्द लॅटिनमधून आला असून तिथे त्याचा अर्थ दडवून ठेवणे असा आहे. सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत वापरात आहे आणि त्याच्या मुळाशी चोरी कुठेही नाही. मधमाश्या पाळणारे लोक हेच क्रियापद रोज वापरतात. जुनी राणी निम्मी वसाहत घेऊन निघाली तर त्याला वेगळा शब्द आहे, पण मुंग्यांच्या किंवा उपासमारीच्या त्रासाने सगळीच वसाहत पेटी सोडून गेली की ती 'ॲब्स्कॉन्ड' झाली असे म्हणतात. महाबळेश्वरला माझ्या मेव्हण्याकडे सातेरी माश्यांच्या पेट्या होत्या. एके सकाळी साखरेचा पाक घालायला झाकण उघडले, तर आत रिकामी पोळी, मुंग्यांची रांग आणि तळाशी चार-पाच मेलेल्या माश्या. त्या माश्यांना कोणी गुन्हेगार म्हटले नाही.

नाटिकेची दिग्दर्शिका :

अण्णा, माश्यांविषयी माझी तक्रार नाही. पण शब्दाचे कूळ पाहून त्याची आजची अब्रू ठरत नाही. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आरोपी महिनोन् महिने 'ॲब्स्कॉन्डिंग'च असतो आणि मराठी बातमीत तोच 'फरार' असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 मध्ये, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 84 मध्ये, अशाच माणसासाठी जाहीरनाम्याची तरतूद आहे : हजर होण्यास किमान 30 दिवसांची मुदत, गावात जाहीर वाचन, घरावर डकवलेली प्रत, त्यानंतर मालमत्तेची जप्ती. इथल्या मुलांच्या कानावरही हे क्रियापद बहुधा 'पैसे घेऊन' या जोडीनेच पडते. हिरोजीची भूमिका करणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाने सारांश वाचून मला विचारले, "पण महाराजांनी काय चोरलं होतं?"

खजिनदार :

'पैसे घेऊन' हे उदाहरण माझ्या उपस्थितीत दिले नसते तर बरे झाले असते. हिशेब मागील सभेत मंजूर झालेले आहेत. असो. मी काही काळ इथल्या एका खुल्या तुरुंगात आठवड्यातून एकदा गणित शिकवायला जात असे. इंग्लंडच्या तुरुंग खात्यात या दोन शब्दांची काटेकोर वाटणी आहे. भिंत, कुंपण, कुलूप, बेडी किंवा कर्मचाऱ्यांचा प्रत्यक्ष पहारा यांवर मात करून कैदी गेला तर ते 'एस्केप', आणि असा कोणताही अडसर नसताना खुल्या तुरुंगातून चालता झाला तर ते 'ॲब्स्कॉन्ड'. महाराजांच्या मुक्कामाभोवती फौलादखानाचा पहारा होता. तेव्हा अण्णांचा शब्द सरकारी व्याख्येतही बसत नाही.

नाना :

खजिनदारांचा तुरुंग ठीक आहे, पण आखातात हा शब्द तुरुंगाबाहेरच्या माणसाला चिकटतो. कामगार सलग सात दिवसांहून अधिक न कळवता गैरहजर राहिला, तर अमिरातीत मालक तशी तक्रार नोंदवू शकतो. सौदीत त्याला 'हुरूब' म्हणतात, म्हणजे पळून जाणे. आपला 'फरार'सुद्धा मूळचा अरबीच. माझ्या खोलीतला एक सुतार तापाने नऊ दिवस इस्पितळात पडून होता आणि परतला तेव्हा त्याच्या नावावर फरारीची नोंद झालेली होती. इस्पितळाचा कागद खिशात घेऊन तो दोन महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. म्हणून हा शब्द ऐकला की मला लुटारू आठवत नाही, तो कागद आठवतो.

अण्णा :

फौलादखानाचा पहारा मान्य आहे. परंतु रामसिंहाने महाराजांसाठी जामीन लिहून दिला होता आणि ते निसटल्यावर बादशहाची इतराजी त्याला सोसावी लागली, हे खजिनदार विसरतात. जामिनावर असलेला माणूस न सांगता निघून जातो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

नाटिकेची दिग्दर्शिका :

औरंगजेबाच्या दरबारी त्याला काय म्हणायचे ते म्हटले असेल. आपली पुस्तिका त्या दरबारासाठी निघत नाही. मराठीत चोरून निघून जाण्याला शब्दांची वाण नाही. आरोपी पसार होतो, पोलिसांना गुंगारा देतो, सावकाराच्या हातावर तुरी देतो, देणेकरी गाशा गुंडाळतो, गाव दुष्काळात परागंदा होते, आणि पोबारा तर सोंगट्यांच्या पटावरच्या दानावरून आलेला. यांतले एकही क्रियापद 17 ऑगस्ट 1666 च्या प्रसंगाला आपण लावत नाही. घरात, शाळेत आपण 'आग्र्याहून सुटका' म्हणतो, कारण त्या शब्दात कैद अन्यायाची होती हे आधीच गृहीत आहे. भाषांतर करायचे ते 'सुटके'चे करावे.

सचिव, पुस्तिका समिती :

पान सहावर 'एस्केप्ड' घातले आहे. रोमन लिपीत हा शब्द दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे खालची ओळ वर सरकली आणि हिरोजीचे काम करणाऱ्या मुलाचे आडनाव, जे आतापर्यंत पुढच्या पानावर जात होते, ते आता याच पानावर मावते आहे. अण्णांनी नाराज होऊ नये. पान नऊवरील पाककृतीत 'उकड' या शब्दासाठी जे इंग्रजी घातले आहे, त्यावरही एक पत्र आले आहे. त्याची चर्चा कृपया वेगळ्या विषयाखाली करावी.